तबकडीवर नाही म्हणून गळ्यात नव्हतं का?

जुन्या तबकड्या जमवणाऱ्या आणि त्यांच्याविषयी अधिकारानं बोलणाऱ्या मंडळींकडून एक मत कितीदा तरी कानावर आलं आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत चौघाचौघांचे गायकसंच तबकड्यांवर गाजत होते. त्याच काळातल्या मराठी तबकड्या लावून पाहा, प्रत्येकीवर एकच गळा. नाट्यपद एकट्याचं, ख्याल एकट्याचा, पुढं भावगीत आलं तेही एकट्याचंच. याचा अर्थ मिळून गाण्याची विद्या मराठी माणसाकडे नव्हती. भजनात आणि पोवाड्यात जे चालायचं तो नुसता गलबला, कारण तिथं सगळे एकच सूर धरतात. वेगवेगळे सूर एकमेकांत बसवत नाहीत.

मी बदनापूरचा. जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या मधलं हे गाव शेतकऱ्यांना तुरीच्या वाणांमुळे ठाऊक आहे, इथल्या कृषी संशोधन केंद्रामुळे. संगीताच्या इतिहासात त्याचं नाव कुणी घेत नाही, घ्यावं असा माझा आग्रहही नाही. पण हरिनाम सप्ताह ज्यांच्या अंगात मुरलेला आहे अशा गावांच्या मधोमध मी राहतो, आणि वरचं मत या गावांवर अन्याय करणारं आहे. त्यातली माहिती खरी आहे, निष्कर्ष मात्र खोटा आहे. तो पुराव्यानं खोटा ठरतो आणि ज्या अमेरिकेचा दाखला दिला जातो, तिच्याच इतिहासानंही खोटा ठरतो.

माहिती खरी आहे हे आधी मान्य करतो. हेडन क्वार्टेट, अमेरिकन क्वार्टेट, पीअरलेस क्वार्टेट ही नावं १९०० ते १९२० या काळात तिकडं घराघरांत होती. हेडन क्वार्टेटचं ‘स्वीट ॲडलाइन’ १९०४ चं. बिली मरे आणि अमेरिकन क्वार्टेटचं ‘केसी जोन्स’ १९१० चं. ते अफाट खपलं. रचना साधारण अशी, की एकानं मूळ चाल धरायची, दुसऱ्यानं तिच्या वरच्या सुरांत जायचं, एकानं तळाला खर्ज द्यायचा आणि चौथ्यानं उरलेला सूर भरून काढायचा. चौघांचे चार वेगळे सूर एका क्षणी मिळून एक भरीव नाद उमटतो. हे कौशल्य मोठं आहे. ऐकायला ते मला मनापासून आवडतं. आणि आपल्याकडच्या तबकड्यांवर बालगंधर्व आहेत, केशवराव भोसले आहेत, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर आहेत, पुढं जे. एल. रानडे, जी. एन. जोशी, गजानन वाटवे आहेत. एकेका गळ्याची ही सगळी थोरवी मला मान्यच आहे.

मात्र तबकडी हा पुरावा कशाचा, याचा विचार झालेला नाही.

१९२५ साली विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याआधी मायक्रोफोन नव्हता. एक मोठा कर्णा असायचा, त्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली मेणाची फिरती चकती. गाणाऱ्याच्या आवाजाच्या जोरानंच सुई हलायची. आवाज वाढवायची सोय नाही, कमी करायची नाही. उंच सूर आला की गायकानं मागं सरकायचं, हळू गायचं असेल तर तोंड कर्ण्यात घालायचं. चूक झाली तर मेण वाया, पुन्हा पहिल्यापासून. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मिळायची.

या कर्ण्यानं खुद्द युरोप-अमेरिकेतल्या वाद्यवृंदाची मोडतोड केली. व्हायोलिनचा नाजूक आवाज पोचेना म्हणून लाकडी पेटीच्या जागी धातूचा कर्णा लावलेलं स्ट्रो व्हायोलिन वापरात आलं. डबल बास उतरेना म्हणून त्याच्या जागी ट्यूबा फुंकायला माणूस बसवला. मोठ्या ढोलाचा ठोका सुई उडवील या धास्तीनं ढोलकऱ्याला हात आखडावा लागे किंवा खोलीबाहेर थांबावं लागे. आता चार पुरुष विचारात घ्या, डोक्याला डोकं लावून कर्ण्यासमोर उभे. आवाज खणखणीत, वाद्याची गरज जेमतेम, गाणं तीन मिनिटांत संपणारं. कर्ण्याला याहून सोयीचं दुसरं काय मिळणार होतं? चौघांचे संच तबकडीवर आले त्याचं एक कारण त्यांची कला, आणि दुसरं, तितकंच वजनदार कारण म्हणजे ते त्या यंत्राच्या मापात बसत होते.

आमच्या सप्ताहातलं कीर्तन त्या कर्ण्यासमोर उभं करून पाहा. मध्ये कीर्तनकार. मागं आणि दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा. गाव लहान असेल तर पंधरा-वीस जण, काल्याच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून माणसं आली की पन्नासच्या वर. एक मृदंग, त्याची शाई लावलेली बाजू वेगळी आणि कणकेची धुमी वेगळी. विणेकरी. दोन गायनाचार्य. आणि जितके टाळकरी तितकेच टाळ, ज्यांच्या नादातला वरचा, चमकणारा भाग त्या पडद्याला टिपताच येत नव्हता. वेळ दोन तास. चाल लागायलाच जिथं पाच-सात मिनिटं जातात, तिथं तीन मिनिटांची चकती काय कामाची?

कुणी म्हणेल, ठीक आहे, उतरलं नसतं. पण उतरवावं असं त्यात होतं काय? ‘गलबला’ या शब्दाचा समाचार इथंच घेतला पाहिजे, कारण तो वापरणारा माणूस टाळकऱ्यांच्या रांगेत कधी उभा राहिलेला नसतो.

कीर्तनकार बोलता बोलता प्रमाण म्हणून एखाद्या अभंगाचे पहिले दोन-तीन शब्द उच्चारतो. तेवढ्यावर मागच्या रांगेनं अख्खं चरण उचलायचं असतं. कुठला अभंग येणार हे आधी ठरलेलं नसतं. तुकोबांचा येईल, एकनाथांचा येईल, ज्ञानोबा, नामदेव, जनाबाई, कुणाचाही येईल. गाथा पाठ असल्याशिवाय रांगेत उभं राहून उपयोग नाही. उचल सगळ्यांची एका मात्रेवर पडली पाहिजे. कीर्तनकार ज्या सुरावर थांबला तिथूनच पुढची चाल धरायची, आणि गायनाचार्य चाल फिरवील तेव्हा रांगेनं ती एका आवर्तनात ओळखायची. पट्टी चढी असली की भरदार आवाजाची वयस्क माणसं खालच्या सप्तकात उतरतात, तरणी पोरं वरच्या सप्तकात राहतात. एकाच चालीचे दोन थर आपोआप उभे राहतात. श्वास सगळे एकाच वेळी घेत नाहीत. शेजाऱ्याचा श्वास तुटतो तिथं आपण सूर धरून ठेवायचा, हे कुणी शब्दांत शिकवत नाही, रांगेत उभं राहून कळतं. त्यामुळे पन्नास माणसांचा सूर दहा-दहा मिनिटं अखंड राहतो. हरिपाठात तर यावर पावली असते. पाय, टाळ आणि गळा एकदम चालतात, लय दुगुणीत जाते आणि एकाचाही पाय चुकत नाही.

ही विद्या आपोआप आलेली नाही, ती शिकवली गेली. जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली ती १९१७ साली. म्हणजे न्यूयॉर्क आणि कॅमडेनच्या ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत पीअरलेस क्वार्टेट कर्ण्यासमोर उभा होता, त्याच वर्षी इकडं मिळून गाण्याचं रीतसर शिक्षण देणारी शाळा सुरू होत होती. तिच्यातून शिकलेले गायनाचार्य आणि मृदंगाचार्य मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत पसरले. इतिहासकाराला तबकडी सापडते आणि शाळा सापडत नाही, हा दोष शाळेचा कसा?

पोवाड्याचंही तेच. शाहिराच्या मागं झिलकरी असतात. डफ शाहिराच्या हातात, तुणतुणं एकाकडे, झांज एकाकडे. शाहीर कथा पुढं नेतो आणि झिलकरी ओळीचा शेवट उंचावर उचलून धरतात, शाहिराला श्वास घ्यायला आणि पुढचं वाक्य जुळवायला वेळ मिळतो. झिलकरी ढिले पडले तर मोठ्यातला मोठा शाहीर उघडा पडतो. गोंधळ, भारूड, वासुदेव. कुठलाही प्रकार घ्या, एकानं पुढं व्हायचं आणि बाकीच्यांनी ते गाणं तोलून धरायचं, हीच बांधणी.

आणि बायका. जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या. एक ओवी सोडायची, दुसरी उचलायची, जात्याच्या फेऱ्यावर लय ठरायची. या दोघींच्या गाण्यासाठी ग्रामोफोन कंपनीनं कर्णा नेला असता का? नेला नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या सोबत्यांना घेऊन या ओव्या गोळा करायला घेतल्या तेव्हा विसावं शतक संपत आलं होतं, घरोघरची जाती बंद पडून पिठाच्या गिरण्या आलेल्या होत्या, आणि तरीही एक लाखाहून अधिक ओव्या मिळाल्या. एक लाख. सबंध तबकडीयुगात यांतली क्वचितच एखादी ओवी बाजारात आली असेल. तबकडीवरून समाजाच्या गळ्याचं माप काढायचं, तर या एक लाख ओव्या अस्तित्वातच नव्हत्या असं म्हणावं लागेल.

कंपनीला मी खलनायक करत नाही. ती व्यापाराला आली होती. तिचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला उतरला, १९०२ च्या नोव्हेंबरात त्यानं गौहरजानचा आवाज टिपला, मेणाच्या चकत्या जर्मनीत हॅनोव्हरला गेल्या आणि तिथून तबकड्या होऊन परत आल्या. १९०८ पासून कलकत्त्यातच कारखाना सुरू झाला. विकायचं कुणाला? ज्याला फोनो परवडतो त्याला. तो शहरात राहतो, नाटकाला जातो, त्याला नटाचं नाव ठाऊक असतं. मराठी बाजार म्हणजे मुंबई-पुणे आणि नाटक कंपन्यांच्या मुक्कामाची गावं. संगीत नाटकाची सुरुवातच मुळी नांदीनं व्हायची, आणि नांदी सगळे नट मिळून गायचे. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून, १८८० पासून, ही रीत. पण गिऱ्हाईक मागायचं ते नायिकेचं पद, आणि कंपनी भरायची तेच. म्हणजे रंगभूमीवरही समूहाचा गळा होता. निवड झाली ती विकत घेणाऱ्याच्या आवडीनं.

मराठवाडा तर या बाजाराच्या हिशेबातच नव्हता. तो १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात. सरकारी कामकाज उर्दूत, उच्च शिक्षण उर्दूत. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी मीटर गेजची गाडी बदनापूरवरून जायची, पण मेणाच्या चकत्या घेऊन कुणी इथं उतरावं असं काहीच कारण नव्हतं.

आता अमेरिकेकडे येतो, कारण या मताचा सगळा भार त्या तुलनेवर आहे. ‘त्यांच्या तबकडीवर जनतेचा गळा आहे, आपल्या तबकडीवर नाही’ असं गृहीत धरलं जातं. हे गृहीतक साफ चूक आहे.

हेडन, अमेरिकन, पीअरलेस हे संच म्हणजे गल्लीत जमून गाणाऱ्या दोस्तांच्या टोळ्या नव्हत्या. ते पगारी, सराईत, स्टुडिओतले गवई होते. हेन्री बर, बिली मरे, अल्बर्ट कॅम्बेल, आर्थर कॉलिन्स, जॉन मायर. हीच पंधरा-वीस माणसं आलटून पालटून वेगवेगळ्या नावांखाली गायची, कारण कर्ण्यासमोर कसं उभं राहायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि ही सगळी माणसं गोरी होती. चार गळ्यांची ही हार्मनी ज्या गल्ल्यांत, न्हाव्याच्या दुकानांत आणि चर्चांत रुजली ती मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीयांची होती. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर लहानगा लुई आर्मस्ट्राँग पोरांच्या अशाच चौकडीत गात पैसे मिळवायचा. ते त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे. त्या गल्लीतलं तबकडीवर काय आलं? व्हर्जिनियाच्या डिनविडी क्वार्टेटनं १९०२ च्या ऑक्टोबरात, गैसबर्ग कलकत्त्यात कर्णा उभारायच्या आठवडाभर आधी, व्हिक्टर कंपनीसाठी सहा गाणी म्हटली. सहा. फिस्क विद्यापीठाच्या ज्युबिली गायकांची कीर्ती १८७० च्या दशकातच इंग्लंडच्या राणीपर्यंत पोचली होती. व्हिक्टरनं त्यांना कर्ण्यासमोर उभं केलं १९०९ साली. १९२० मध्ये गायिका मेमी स्मिथची तबकडी कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांनी उचलून धरली, तेव्हा कंपन्यांना कळलं की हा बाजारही आहे. मग पुढच्या दहा वर्षांत नॉरफोकच्या आणि इतर गावांच्या चौकड्या भराभर तबकडीवर आल्या. त्या काही एका वर्षात गायला शिकल्या नव्हत्या.

आपल्या जाणकारांचा नियम १९१९ सालच्या अमेरिकेला लावा: तबकडीवर जवळजवळ नाहीत, म्हणून कृष्णवर्णीयांना चौघांत गाण्याची विद्या नव्हती. हे विधान आज कुणी करणार नाही. पण तिथं खरोखरच असं घडलं. गोऱ्या संचांच्या तबकड्या ऐकत वाढलेल्या पिढीनं १९३८ मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा इथं ही कला जपण्यासाठी संस्था काढली आणि ती गोऱ्यांची कला मानली. १९४१ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरच्या कृष्णवर्णीय हमालांच्या चौकडीनं शहराची स्पर्धा जिंकली, तर त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत गाऊ दिलं नाही. न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर अल स्मिथ यांनी निषेध म्हणून संस्थेचा राजीनामा दिला. त्या संस्थेचं दार कृष्णवर्णीयांना उघडायला १९६३ उजाडलं. आणि ही कला मुळात कुणाच्या गल्लीतून आली हे जुन्या वर्तमानपत्रांतून आणि आठवणींतून संशोधक लिन ॲबट यांनी मांडलं १९९२ साली. चोपन्न वर्षं एक संपूर्ण देश तबकडीला इतिहास समजत राहिला. तीच चूक आपण मराठीत का करायची?

महाराष्ट्रातल्या वाचकाला तर ही गोष्ट परकी वाटायचं कारणच नाही. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. त्याच वर्षी सत्यशोधक समाज निघाला. त्याच वर्षी फिस्कचे गायक, त्यातले बहुतेक गुलामीतून सुटलेले किंवा सुटलेल्यांची मुलं, इंग्लंडात गात होते. आणि त्याच वर्षी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल परिषदेला गेले होते. पुढं फ्रेडरिक लाउडिन यांनी ज्युबिली गायकांचा संच १८८४ ते १८९० या सहा वर्षांत जगभर फिरवला. तो हिंदुस्थानातही आला. सत्यशोधकांच्या जलशांनी आणि नंतर आंबेडकरी जलशांनी मिळून गाण्याला जे काम दिलं तेच काम फिस्कच्या मुलांनी तिकडं दिलं होतं: ज्यांना बोलू दिलं जात नव्हतं त्यांनी एकत्र उभं राहून गायचं. भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला तेव्हा तो तबकड्यांसाठी गात नव्हता. वामनदादांची गाणी हजारो गळ्यांत गेली ती गायन पार्ट्यांमधून. या गायन पार्ट्या आमच्या भागात आजही आहेत. एक मुख्य गायक, चार-पाच कोरस, ढोलकी, पेटी. कोरसशिवाय भीमगीत उभं राहत नाही.

या सगळ्यावर एक निर्णायक पुरावा आपल्या डोळ्यांदेखत घडून गेला आहे. १९८० च्या दशकात कॅसेट आली. कॅसेट स्वस्त होती, एका बाजूला अर्धा तास चालायची, आणि ती काढायला कलकत्त्याच्या कारखान्याची गरज नव्हती. मग काय झालं? भीमगीतांच्या, गोंधळाच्या, भारुडांच्या, हरिपाठाच्या, काकड्याच्या कॅसेटी मराठवाड्यातल्या बसस्टँडांवर टोपल्यांनी विकायला आल्या, आणि त्यांत समूहाचा गळा भरून होता. माणसं तीच होती. गाणीही बहुतेक जुनीच. बदललं होतं ते यंत्र, त्याची किंमत आणि फितीची लांबी. मिळून गाण्याची विद्या मराठी माणसाकडे नव्हती, तर कॅसेट आल्याबरोबर ती कुठून उगवली?

तिकडचं उदाहरण याला जोडूनच आहे. ओहायोतल्या पिक्वा या लहान गावात मिल्स आडनावाच्या न्हाव्याचं दुकान होतं. त्याची चार मुलं १९३१ पासून तबकड्यांवर गाजली, मिल्स ब्रदर्स म्हणून. एक गिटार, बाकी ट्रंपेट, ट्यूबा सगळं तोंडानं काढलेलं. इतकं हळुवार, ओठांशी बोलल्यासारखं गाणं कर्ण्याच्या काळात अशक्य होतं. मायक्रोफोन आला म्हणून पिक्वासारखं गाव ऐकू आलं. बदनापूर ऐकू आलं नाही, एवढाच फरक.

उरला हार्मनीचा मुद्दा. वारकरी गाण्यात चार वेगळ्या सुरांची बांधणी नसते, हे खरं आहे. मी ती आहे असं म्हणणार नाही, ओढूनताणून शोधणारही नाही. पण ‘येत नाही’ आणि ‘करत नाही’ यांत अंतर आहे. शेजारच्या गोव्यात मांडो दोन सुरांत गातात, एक चाल आणि तिच्याबरोबर तिसऱ्या किंवा सहाव्या सुराच्या अंतरानं चालणारी दुसरी. तिथं पॅरिश शाळांत पिढ्यान्‌पिढ्या सूर वाचायला शिकवले, म्हणून ते आलं, आणि त्याच शिक्षणातून आलेल्या गोव्याच्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताची हार्मनी बांधली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं त्यातलीच. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त पाश्चात्त्य चालींची गीतं आहेत आणि त्याच पुस्तकात नारायण वामन टिळकांची भजनंही आहेत. एकाच मंडळीला दोन्ही येतं. शिकवलं तर गळा शिकतो. वारकऱ्यांनी दुसरी विद्या शिकली, कारण त्यांना दुसरं काम करायचं होतं: शेकडो माणसांनी चालता चालता, पुस्तकाशिवाय, रात्रभर एक अभंग जिवंत ठेवायचा. चार सुरांची उभी बांधणी हे त्या कामाचं हत्यार नव्हे. हार्मनी नाही म्हणून भजन कमी प्रतीचं, हा निकाल लावायचा तर चौघांच्या संचात रागाचा विस्तार नाही, म्हणून तेही कमी प्रतीचं म्हणावं लागेल. दोन्ही निकाल सारखेच अडाणी आहेत.

हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून दिलं असतं, पण तोच कर्णा आजही आमच्या मांडवात उभा आहे. सप्ताहाचं कीर्तन आता यूट्यूबवर थेट जातं. माइक कुणासमोर? महाराजांसमोर एक, गायनाचार्यांसमोर एकेक, मृदंगाला एक. टाळकऱ्यांच्या रांगेला काही नाही. घरी मोबाइलवर ऐकणाऱ्याला मागं एक अस्पष्ट खळखळ ऐकू येते, आणि त्याला वाटतं हा गोंगाट आहे. साउंडवाल्याला दोष देत नाही. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. पण शंभर वर्षांनी कुणी अभ्यासक हे व्हिडिओ पाहील आणि लिहील की एकविसाव्या शतकातल्या मराठवाड्यात एक माणूस गायचा आणि बाकीचे मागं उभे राहायचे. त्याला तसं लिहायचा पुरावा आज आपणच तयार करून ठेवतो आहोत.

म्हणून जुन्या तबकड्यांचे जे जाणकार आहेत, ज्यांच्याकडे कान आहे, यंत्रं आहेत आणि जपणुकीची शिस्त आहे, त्यांना माझं म्हणणं थेट आहे. तुमच्या संग्रहाची किंमत मला कळते. पण त्या संग्रहावरून ज्या गळ्यांना तुम्ही नाकारलंत ते अजून गात आहेत. दोन रांगांच्या मध्ये, कमरेच्या उंचीवर, दोन माइक लावा. काकड्यापासून जागरापर्यंत एक अख्खा दिवस टिपा, तीन मिनिटांचे तुकडे करू नका. जात्यावरच्या ओव्या आठवणाऱ्या म्हाताऱ्या बदनापूर तालुक्यात आहेत, त्यांना दोघी-दोघी समोरासमोर बसवून गाऊ द्या. गायन पार्टीच्या कोरसला त्यांच्या नावानं विचारा, कुणाकडून शिकलात.

आणि गावातल्या सप्ताह कमिट्यांना एक विनंती. आपल्या पत्रिकेत कीर्तनकार महाराजांची नावं गावासह छापतात, मृदंगाचार्य, गायनाचार्य, विणेकरी, चोपदार यांची छापतात, अन्नदात्यांची तर ठळक छापतात. टाळकऱ्यांच्या जागी ‘समस्त भजनी मंडळ’ एवढंच येतं. यंदा त्या ओळीखाली त्यांची नावं छापा. पत्रिकेत एक रकाना वाढेल.